उपरण्याखाली ठरलेल्या चार चीजा

माझ्या चार चीजा बुवांच्या मुलाने बुवांच्या नावावर छापल्या. बुवा म्हणजे माझे गाण्याचे गुरू. त्यांनी मला फसवले नाही, हे आधीच सांगतो, कारण साताऱ्यात उलटेच बोलले जाते. मी म्हणे गुरूवर उलटलो. गुरू माझ्याशी सरळ वागले. फसवले ते त्यांच्या चिरंजीवांनी, आणि तेही शब्द देऊन. पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघणार असे कानावर आले, म्हणून लिहायला बसलो आहे.

मी उंब्रजच्या बाजूचा. घरी जिराईत तुकडा, थोरला भाऊ पलटणीत. मिसरूड फुटायच्या सुमाराला साताऱ्यात एका भुसाराच्या दुकानात तोलायच्या कामाला लागलो. दुकानाच्या मागच्या बोळात बुवांच्या दोन खोल्या होत्या. सकाळी ते शिकवणी घेत आणि मी काट्यापाशी उभा राहून ऐकत असे. एकदा ते तांदूळ घ्यायला आले आणि म्हणाले, "तू इथं माल तोलतोस की गाणं ऐकतोस?"

मी म्हणालो, "दोनी. पर तुमचा त्यो चष्म्याचा शिष्य रोज समेच्या आदी पोचतोय. कुनी सांगत न्हाई का त्येला?"

बुवा हसले नाहीत. तांदळाची पिशवी खाली ठेवून त्यांनी मला तिथल्या तिथे समेला, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेला, टाळी देऊन दाखवायला लावली. मी दिली. मग म्हणाले, "उद्यापासून ये. पण मला देण्यासारखं काय आहे तुझ्याकडं?"

"पानी भरीन. दळन मातुर आननार न्हाई, गिरनीत लय वेळ मोडतो."

"गुरूशी घासाघीस करणारा पहिलाच बघतोय," ते म्हणाले. तरी त्यांनी ते मान्य केले. पाच वर्षे मी पाणी भरले आणि दळण एकदाही आणले नाही. ठरले ते ठरले.

पुढे लढाई सुरू झाली त्या सुमाराला मी सांगलीला हळदीच्या पेठेत गेलो. आधी तोलार, मग दलाल. शिक्षण चौथीपर्यंत, ओळख कुणाची नाही, पण हळकुंड हातात मोडले की ते कुठल्या रानातले आणि किती शिजलेले हे मला सांगता येई, आणि त्या पेठेत तेवढे पुरते. बाजार अमावास्येला बंद. म्हणून चतुर्दशीच्या संध्याकाळी मी निघायचो, मिरजेला गाडी बदलायची, सातारा रोडला उतरायचे, आणि पुढे कोळशाच्या गॅसवर खोकत चालणारी मोटार. अमावास्येचा अख्खा दिवस बुवांपाशी. ते मला 'अमावास्येचा शिष्य' म्हणत. "इतरांचे चंद्र मला रोज दिसतात," म्हणत, "हा एक तेवढा अंधाराचा."

चीज म्हणजे रागातले छोटे गाणे. त्याचे दोन भाग, अस्थाई आणि अंतरा. अंतऱ्यात रचणाऱ्याने आपले एक टोपणनाव गुंफायचे, त्याला मुद्रा म्हणतात. ही मुद्रा हाच चीजेचा सातबारा. दुसरा कुठला कागद नसतो. बुवांची मुद्रा कोणती आणि माझी कोणती हे मी इथे लिहीत नाही. गाणाऱ्यांना ठाऊक आहे, इतरांना त्याचे कारण नाही.

मी चीजा बांधू लागलो तो ठरवून नव्हे. पेठेत पोती काट्यावर चढत असताना तोलार 'लाभ' म्हणून पहिली मोजणी करतो आणि पुढे एका चालीत आकडे म्हणत जातो. हमाल दोन पावले टाकून खांदा झुकवतात आणि पुढची तीन टाकून पुन्हा. एके दुपारी त्या दोन-तीन, दोन-तीनमधून मला झपताल ऐकू यायला लागला आणि त्याच्यावर गौड सारंग बसला. शब्द हवे होते. माझा भाऊ रजेवर आला की हिंदीत रुबाब करायचा, त्यातले काही वेचले. उरलेले जुन्या चीजांच्या वळणावर जुळवले. माल पाहायला मी हरिपूरला जायचो. तिथे जमिनीत खोल खणलेली पेवे असतात, हळद साठवायची. पेव नुकते रिकामे झाले असेल तर मी त्याच्या तोंडाशी बसून सूर लावायचो. आत उतरायचे नाही, आत हवा कोंडलेली असते, माणूस मरतो. पण तोंडाशी बसले तर आपलाच आवाज जाड होऊन परत येतो आणि त्यात काय खोटे आहे ते लगेच कळते. माझ्या पहिल्या तीनही चीजा अशा हरिपूरच्या पेवांवर घासलेल्या आहेत.

पहिली बुवांना म्हणून दाखवली. त्यांनी विचारले, "ही कुणाची?"

"माझी."

"खोटं बोलू नकोस."

"मग तुमीच सांगा कुनाची त्ये."

त्यांनी ती दोनदा म्हणून पाहिली. मग म्हणाले, "शब्द ब्रजभाषेचे नव्हेत, बराकीतले आहेत. दोन बदलू. आणि इथं धैवतावर इतका वेळ थांबू नकोस, गिऱ्हाईक उठून जाईल." अस्थाईला त्यांनी हात लावला नाही. त्या दिवशी मी मोटारीची वाट न पाहता सातारा रोडपर्यंत चालत गेलो.

सांगलीत गाणे ऐकणारी मंडळी होती. एका वकिलांच्या माडीवर महिन्यातून एकदा बैठक होई. तिथे मी ती चीज गायलो आणि गाण्याआधी सांगितले की ही माझी बंदिश. वकीलसाहेब ऐकून म्हणाले, "बरी आहे. फक्त हळदीचा वास येतो." सगळे हसले. मी तंबोरा खाली ठेवला आणि जिना उतरलो. खाली येऊन पुन्हा वर गेलो आणि दारातूनच म्हणालो, "त्याच हळदीनं तुमची आमटी पिवळी हुती, वकीलसाहेब!" माझा स्वभाव असा आहे. त्याने माझे बरेच नुकसान झाले आहे.

वर्षभराने मी त्याच माडीवर तीच चीज गायलो. बदल एकच केला, अंतऱ्यात तोवर कुणाचीच मुद्रा नव्हती, तिथे बुवांची घातली. वकीलसाहेबांनी डोळे मिटले. म्हणाले, "वा! जुन्या चीजेची गोष्टच निराळी."

चूक माझी आहे ती ही. मला वाटले आपण शहाणे. जो माल आपल्या नावावर उठत नाही तो नावाजलेल्या पेढीच्या शिक्क्याने उठवायचा. पुढच्या दोन चीजांतही मी आधीपासूनच बुवांची मुद्रा घातली. शिष्याने आपली रचना गुरूच्या नावाने गुंफावी अशी जुनी चाल आहेच, त्यामुळे कुणाला खटकण्याचे कारण नव्हते. पण मी ते भक्तीने केले नाही, चालूपणाने केले, आणि हे मी बुवांना सांगून टाकले. दुपारी जेवायला बसलो होतो. बुवा, त्यांचे चिरंजीव आणि मी पाटावर, बुवांची बायको, आमच्या काकू, वाढत होत्या.

बुवा म्हणाले, "म्हणजे माझा शिक्का मारून स्वतःचा माल खपवतोस?"

"माल खराब आसंल तर बोला."

"माल चांगला आहे, म्हणून तर घास खाली उतरतोय." त्यांनी काकूंपुढे वाटी केली. मग म्हणाले, "मी आहे तोवर असू दे तसंच. मी गेलो की तुझी मुद्रा तू घाल. शिष्यानं गुरूचं नाव घातलं तर चालतं. गुरूच्या घरानं ते ठेवून घेतलं तर ती चोरी." आणि मुलाकडे वळून, "ऐकलंस ना रे?"

"हो, ऐकलं," चिरंजीव म्हणाले.

चिरंजीवांबद्दल सांगायला हवे. माझ्याहून दहा वर्षांनी लहान. गळा बरा, मेहनत कमी. बुवांच्या साठेक चीजांपैकी त्यांना वीस-बावीस येत. मग शाळेत मास्तरकी धरली आणि गाणे मागे पडले. मी त्यांना 'धाकटे बुवा' म्हणायचो, ते मला 'दादा'. कधी सांगलीला आले तर माझ्याकडेच उतरत. एकदा त्यांना पेठेतला बोटांचा सौदा पाहून फार गंमत वाटली होती. हळदीचा भाव आम्ही तोंडाने बोलत नाही. घेणारा आणि देणारा उपरण्याखाली हात घेतात, बोटे दाबून आकडा सांगतात, पटले की पंजा पंजात धरायचा. बघणाऱ्याला काही कळत नाही, साक्षीदार नसतो, सही नसते, आणि तो सौदा कुणी मोडत नाही. मोडणाऱ्याला पुन्हा पेठेत उभे करत नाहीत. धाकट्या बुवांनी ते माझ्याकडून हौसेने शिकून घेतले होते.

बुवा गेले त्या वर्षी मी तेराव्याला साताऱ्यात होतो. दिवस कार्याचा असल्यामुळे कोणी गायले नाही. परतीच्या गाडीत, दुपारच्या उन्हात, डब्यात शेजारी बोचकी घेतलेली माणसे, आणि मला मुलतानी रागातली एक चीज सुचली. मिरज येईपर्यंत अस्थाई पुरी झाली. अंतरा चार दिवसांनी हरिपूरला झाला. तिच्यात मी पहिल्यांदा माझी स्वतःची मुद्रा घातली. बुवांनी परवानगी दिली होती, आणि आता ते नव्हते. भाद्रपदात सांगलीत गणपतीपुढे ती गायलो. वकीलसाहेब ऐकायला होते. गाणे संपल्यावर माझ्याजवळ येऊन त्यांनी विचारले, "कुणाची?" मी म्हणालो, "हळदवाल्याची." त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. आजवरची माझी सगळ्यांत चांगली चीज तीच. त्यानंतर मी आणखी बऱ्याच बांधल्या, पण तिच्या तोडीची एकही नाही.

मग अठ्ठेचाळीस सालची जाळपोळ झाली. आमच्या भागात ब्राह्मणांची घरे निवडून पेटवली, त्यात बुवांचे घर गेले. काकू आणि चिरंजीव शेजारच्या आळीत लपले म्हणून वाचले. बुवांच्या हातच्या वह्या ट्रंकेत होत्या, त्या ट्रंकेसकट गेल्या. मी त्या दिवशी सांगलीत होतो. माझ्या गावचे दोघे त्या जमावात होते हे नंतर कळले. त्यांच्याशी मी आजतागायत बोललेलो नाही, पण ते काही उत्तर नव्हे, हे मला समजते.

वैशाखात धाकटे बुवा सांगलीला पेठेत आले. वाळले होते. दुकानात गर्दी होती, हमाल, शेतकरी, दोन अडते. ते माझ्या कानाशी म्हणाले, "दादा, वह्या गेल्या. बाबांच्या सगळ्या चीजा पाठ असलेले आता तुम्ही एकटेच. मला सांगाल का? पुस्तक करायचं आहे."

मला लगेच हो म्हणायचे होते. पण त्या चार चीजांचे आधी ठरवायला हवे होते, आणि इतक्या लोकांत 'बुवांच्या नावाच्या तीन चीजा माझ्या आहेत' हे मला बोलायचे नव्हते. बुवांची अब्रू होती. मी उपरणे त्यांच्या हातावर टाकले. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि थोडे हसले. मी उपरण्याच्या बाहेर हळू आवाजात एवढेच म्हणालो, "माज्या." आणि आत त्यांची चार बोटे एकेक करून दाबली. त्यांना सगळे ठाऊक होते. तीन चीजांचे ताटावर ऐकलेले, चौथी मी त्यांना स्वतः म्हणून दाखवलेली. त्यांनी माझा पंजा पंजात धरला. घट्ट धरला. शेजारचा अडत्या म्हणाला, "काय रं, मास्तर बी हळद घ्याया लागलं व्हय?" सगळे हसले, आम्हीही.

शाळेच्या सुट्टीभर ते माझ्याकडे राहिले. बाजार दुपारी थंडावतो, तेव्हा मी गायचो आणि ते लिहायचे. एकेक चीज चार चार वेळा. सूर चिन्हांत कसे लिहायचे ते त्यांना येत होते, मला नव्हते. बुवा कुठल्या जागी कसा श्वास घेत तेही मी सांगितले. त्या दिवसांत माझे बरेच सौदे हातचे गेले, त्याबद्दल माझी तक्रार नाही. घर जळालेल्या माणसाला मी तेवढे देणे लागत होतो. चारही चीजा मी माझ्या मुद्रेने सांगितल्या. ती मुद्रा त्यांनी माझ्यासमोर, त्यांच्या हाताने लिहिली.

पुस्तक आले. मला टपालाने एक प्रत आली, आत चिठ्ठी, 'दादांस सप्रेम.' मी दुकानातच उघडले. चारही चीजा बुवांच्या मुद्रेने छापलेल्या. माझा उल्लेख प्रस्तावनेत शेवटच्या ओळीत, 'स्मरणाच्या कामी साहाय्य केले' म्हणून.

दुसऱ्या दिवशी बाजार चालू असताना दुकान सोडून मी साताऱ्याला गेलो. सांगलीला गेल्यापासून, बुवांचा तेरावा सोडला तर, पहिल्यांदाच अमावास्या नसताना. ते आता भाड्याच्या खोलीत राहत होते आणि सकाळची शिकवणी घेत होते. समोर चार मुली आणि एक पेन्शनर बसले होते. मी त्यांच्यासमोरच पुस्तक पेटीवर आपटले.

"धाकटे बुवा, हे काय केलं तुमी?"

"दादा, आधी बसा तरी."

"बसाया न्हाई आलो. पंजा धरला हुता का न्हाई तुमी माजा?"

"तो बाजारातला खेळ होता, दादा. त्यावर कुणी पुस्तकं काढतं का?"

खेळ! माझे सारे घर त्या खेळावर उभे राहिले आहे. मी काय काय बोललो ते सगळे लिहिण्यासारखे नाही. मुली उठून गेल्या. पेन्शनर मात्र शेवटपर्यंत बसून राहिला. मी म्हणालो, बुवा ताटावर काय बोलले ते तरी आठवा. तेव्हा त्यांचा चेहरा लाल झाला.

"वह्या कुणी जाळल्या ते आठवतं का तुम्हाला?" ते म्हणाले. "सगळं घर नेलंत. आता चार चीजाही मोजून मागायला आलात?"

हे मला लागणार हे त्यांना माहीत होते, म्हणूनच ते बोलले. शेवटी मी एवढेच म्हणालो, "जाळल्या त्ये येगळे. परत गाऊन दिल्या त्यो मी." हे खरे आहे, पण तेव्हा तेही लंगडे वाटले.

काकू आतून चहा घेऊन आल्या. मी त्यांना विचारले, "काकू, तुमी हुता की तवा. बुवा काय म्हनलं?"

"मी वाढत होते रे," त्या म्हणाल्या. "आमटी वाढत होते. गाण्यातलं मी बाई काय ऐकणार?" आणि मुलाकडे न पाहता बशी माझ्या हातात दिली. चहा मी प्यालो. त्यांच्या हातचा कधी परत केला नव्हता.

तेव्हापासून आमचे बोलणे नाही. मी एकदा पत्र टाकले, उत्तर आले नाही. साताऱ्यात त्यांनी सांगितले की दादा शिष्य खरे, पण व्यापारी माणूस, गुरूच्या चीजांवरही डोळा. लोकांना ते पटले, कारण घासाघीस करणारा मी आहेच.

पहिल्या तीन चीजांचा पुरावा मी देऊ शकत नाही. त्यांत बुवांची मुद्रा मी माझ्या हाताने घातली होती, आणि बुवांचा शब्द ऐकणारे दोघे बोलत नाहीत. त्या तिन्ही गेल्या तरी मी गप्प बसेन. पण मुलतानीचे तसे नाही. ती बुवांच्या तेराव्यानंतर झाली. भाद्रपदात ऐकणारी माणसे सांगलीत हयात आहेत, वकीलसाहेब त्यांपैकी एक. आणि कानांना कळणारा आणखी एक पुरावा पुस्तकातच छापलेला आहे. बुवांची मुद्रा माझ्या मुद्रेपेक्षा एका अक्षराने लांब. माझी काढून ती बसवताना ते अक्षर कुठेतरी जिरवायला हवे होते, ते जिरवलेले नाही. ओळ कोंबली आहे आणि सम एका मात्रेने हुकते. बुवांनी जन्मात अशी ओळ बांधली नाही. बुवांच्या नावाने ही ओळ छापून चिरंजीवांनी माझ्यापेक्षा बापाला जास्त कमीपणा आणला आहे.

म्हणून, धाकटे बुवा, दुसरी आवृत्ती छापखान्यात जाण्याआधी तुम्ही एक काम करा. सातारा म्हणा, सांगली म्हणा, दिवस तुम्ही ठरवा, मी बाजार सोडून येतो. चारचौघांसमोर तंबोरा घेऊन बसा आणि पुस्तकात छापली आहे तशीच ती मुलतानी म्हणा, त्याच अंतऱ्याने, त्याच मुद्रेने, आणि समेवर येऊन दाखवा. आलात तर मी माफी मागेन. नाही आलात, तर तिथेच बसल्या जागी सांगा, बुवांनी ही चीज कधी बांधली?